कोलबाड, पवित्र शनिवार

गुरुवारपासून देवळाची घंटा मुकी.
मी फुग्यांचं पीठ फेटतेय उजव्या हाताने.
डावा, ऑपरेशनपासून सुजलेला,
मांडीवर ठेवलाय
पाहुण्यांच्या पोरासारखा.

खारघरच्या फेऱ्यांत जिभेची चव गेली.
मीठ विल्फीला चाखायला लावलं.
‘आये, खारट! रडलीस काय यात?’
आणि हसू फुटलं, कित्येक महिन्यांनी,
टाक्यांची जागा ओढेपर्यंत.

देवा, उठलास तेव्हाही
भोकं तशीच होती ना हातांना?
थोमाने बोट पुढं केलं तेव्हा
दुखलं का रे?

केमोतला डोक्याचा रुमाल धुऊन
पातेल्यावर टाकलाय.
ताडी मिळाली नाही, यीस्टवर भागवलं,
चालवून घे.

दिवा मालवून
मी पातेल्याला कान लावते.
आत काहीतरी
बुडबुडतंय.