वाजवी दरात

भाऊंच्या ट्रंकेत तळाशी एक स्वेटर निघाला,
तपकिरी, कधी न घातलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
नागपुरात स्वेटर म्हणजे तीन आठवड्यांचा पाहुणा,
तोही पहाटे दूध आणण्यापुरता.

भाऊ, म्हणजे त्र्यंबक मुळमुळे, स्टेनोग्राफर,
मिनिटाला एकशे चाळीस शब्द.
महालातल्या टायपिंग क्लासातून दिल्ली,
आणि त्रेपन्न साल संपता संपता दिल्लीहून पेकिंग.
शिष्टमंडळात नाव सगळ्यात खाली,
सामानाच्या यादीच्या जरा वर.

"इंग्रज गेला आणि त्याचा तिबेटातला पसारा
आपल्या गळ्यात टाकून गेला.
दुसऱ्याच्या मुलखात आपले शिपाई, आपलं पोस्ट,
आपल्या तारा, आपले बारा डाकबंगले.
ते सोडायला गेलो होतो.
सोडायला, बाप्पा, चार महिने लागले."

यात्रेकरू कोणत्या खिंडीतून जातील,
तारेचे खांब मोजायचे की तोलायचे,
डाकबंगल्याची किंमत खुर्च्या धरून की खुर्च्या वगळून.
दोन दिवस तर एका क्रियापदात गेले:
हक्क 'सोडले' की 'परत केले'?
सोडले म्हटलं तर ते आपले होते असं होतं.
परत केले म्हटलं तर कुणाला, ते लिहावं लागतं.
भाऊंनी दोन्ही टाईप केलं, कार्बन घालून, तीन-तीन प्रती.
मग साहेबांनी मधलं काहीतरी काढलं,
'वाजवी दरात हस्तांतर',
आणि सगळे चहाला उठले.

ज्यांच्या अंगणात ते खांब उभे होते
त्यांच्यातलं कुणी होतं का टेबलाशी?
मी विचारलं तेव्हा ते पेन्सिल तासत होते.
तासतच राहिले.
"मले ऐकू आलं ते लिहायचं होतं.
गप्प बसलेल्याचं शॉर्टहँड नसते."

आम्ही सदरमध्ये राहायचो, रेसिडेन्सी रोडला लागून.
नाव कुणाच्या राहण्यावरून पडलं
ते त्या रस्त्यावर रोज सायकल चालवणाऱ्या आम्हाला
कुणी कधी विचारलं नाही.
भाऊ मात्र पाटी आली की गप्प व्हायचे, फर्लांगभर.

शहाऐंशीचा डिसेंबर. बर्डीवर, फुटपाथला,
गोठणगावच्या कॅम्पातून आलेल्या बायका
स्वेटरांचे ढीग मांडून बसलेल्या.
एकीने हाक दिली, "काकाजी, घ्या ना, नव्वद."
मराठी आमच्याहून साफ.
भाऊंनी गाव विचारलं. ती म्हणाली, गोठणगाव.
त्याच्या आधीचं विचारलं. तिने नाव सांगितलं.
तिथल्या डाकबंगल्याची खोली किती, ओसरी कुठल्या दिशेला,
हे भाऊंना पाठ होतं. यादीत सातवा.
गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आई साठ म्हणणार होती, निदान सत्तर.
त्यांनी आईच्या हाताला धरलं
आणि शंभराची नोट ठेवून चालू पडले.
ती उठली. ढीग शेजारणीवर सोपवून
रिक्षांमधून पळत आली, दम लागलेली:
"काकाजी, दहा रुपये. मी नव्वद म्हटले होते."
हातावर पैसे ठेवून ती परत गेली.
भाऊ कितीतरी वेळ मूठ मिटून उभे.
आई म्हणाली, "काय करून राहिले? चला."

आज घडी उलगडली तर आत ती नोट,
दहाची, पिनेने टाचलेली,
आणि कडेला पेन्सिलीची एक खूण, शॉर्टहँडमधली.
कोर्टाजवळच्या झाडाखाली एक म्हातारे टायपिस्ट बसतात,
तंबाखू थुंकून त्यांनी चष्मा वर केला.
"स्वर घातले नाहीत, बाई. नुसती व्यंजनं. प, र, त.
'परत' असेल.
'प्रत' असेल.
'पुरतं'ही असू शकते.
मागचंपुढचं वाक्य आहे का?"

नाही, म्हटलं. एवढंच आहे.