रिटचिंग

सव्वीस वर्षं मी लोकांच्या सुरकुत्या पुसते.
नारायण पेठेत, जिन्याखाली, पानसे फोटो स्टुडिओत.
आधी निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिलीनं,
डोळ्याला भिंग, श्वास रोखून;
आता माऊसनं, चहा पीत पीत.
निवृत्त होणारे हेडक्लार्क, मुंजीतल्या आत्या,
स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या चौतिशीच्या मुली,
सगळे खुर्चीत बसता बसता तेच म्हणतात:
"डोळ्यांपाशी जरा बघा हं."

बघते.

माझ्या डोळ्यांपाशी मात्र परवा पाहिलं,
गिऱ्हाइकांसाठी टांगलेल्या आरशात, भांग नीट करताना.
हसले, तर रेघा आल्या. ठीक आहे.
हसू गेलं, रेघा गेल्या नाहीत.
पाहुणे उठून गेल्यावरही
सतरंजीवर वळ राहावेत, तशा.

इतकी वर्षं आनंदनगरहून गाडीवर येते,
आधी लुना, मग स्कूटी.
पुण्यातल्या प्रत्येकीसारखा स्कार्फ बांधते:
कपाळ, नाक, हनुवटी, मान, सगळं कडेकोट.
उघडे फक्त डोळे.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला ऊन समोरून यायचं
आणि त्याला शिरायला तेवढीच फट सापडायची.

भाचीनं डबी आणली. अंगठ्याएवढी, साडेसातशेची.
"अनामिकेनं लाव मावशी, त्या बोटात जोर कमी असतो.
घासायचं नाही. थोपटायचं."
रात्री आरशापुढे मी स्वतःला थोपटत बसते.
झोप काही त्यानं येत नाही.

मग गुरुवारी ढमढेरे परत आले.
आठवड्यापूर्वी आईचा फोटो करून नेला होता, हारासाठी.
कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप, मागची रांग,
चेहरा शेंगदाण्याएवढा.
मी मोठा केला, पदर सारखा केला,
कातडी सायीसारखी. मन लावून.

त्यांनी फ्रेम वर्तमानपत्रातून सोडवली,
काउंटरवर ठेवली. भांडले नाहीत.
"फोटो छान आहे बाई. पण ही आई नाही.
धाकटा विचारतो, ही कोण.
मंडईत बसायची ती. लिंबं, मिरच्या, आलं.
तोंडावर ऊन. काट्याकडे बघताना डोळे असे करायची,"
त्यांनी करून दाखवले,
"ते तुम्ही काढलंत."

काढलं होतं, की मुळात नव्हतंच, कोण सांगणार?
शेंगदाण्यात किती मावतं?
"उद्या या," म्हटलं.

रेघ काढणं.
आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच होता.

शटर अर्ध्यावर ओढलं, आरसा उतरवला,
स्क्रीनशेजारी टेकवला, तोंड धुतलं.
डोळे बारीक केले, जणू समोर काटा आहे
आणि पाव किलोला एक लिंबू कमी पडतंय.
एक रेघ बघायची, एक ओढायची.
पहिली सरळ कानशिलाकडे निघालेली.
दुसरी मध्येच तुटलेली.
तिसरी, डावीकडची, खाली वळून गालात विरणारी.
ही कधी आली?
बाबांच्या आजारपणात असेल, असं आधी वाटलं.
मग आठवलं, भिंग मी डाव्याच डोळ्याला लावायचे.
लोकांच्या पुसता पुसता पडलेली आहे ती.

ढमढेरे बराच वेळ बघत राहिले.
"हां," म्हणाले.
पैसे मी फक्त प्रिंटचे घेतले.

डबी अजून संपलेली नाही.
साडेसातशे रुपये, टाकवत नाही.
रोज रात्री थोपटते, अनामिकेनं,
तिसरी रेघ तेवढी सोडून.
ती हडपसरला असते आता,
टीव्हीच्या वर, हाराखाली,
काट्याकडे बघत.