कुठवर जुनं

तळ्यावरचा लाकडी पूल ओलांडताना
स्काइस्ते सांगत होती : चौदावं शतक, वेढा, आग,
मग तीनशे वर्षं नुसती बदकं.

भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक रेघ आहे.
रेघेखाली धोंडे, मूळचे;
वर विटा, माझ्या आईच्या वयाच्या.
"म्हणजे खोटंच की हे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

दारापाशी कोट सांभाळणारा झिग्मास
तेवढं ऐकून उठला.
सतरा वर्षांचा होतो, म्हणाला.
तळं गोठलं की विटा यायच्या
बर्फावरून, घोड्याच्या घसरगाडीनं.
एकदा बर्फ तडकला.
घोडा वाचला.
पोविलास नाही.

जिन्याखाली नेऊन त्यानं दाखवला
एका विटेत, भाजण्याआधी उमटलेला अंगठा.
कुणाचा, ते सांगितलं नाही.

स्काइस्ते पुढच्या दालनात पोचली होती :
सरदाराचं जेवणाचं टेबल, चांदीचे चमचे,
सगळी नक्कल, पण हुबेहूब.
मी मागेच राहिले.
त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला;
सैल बसला, लहान मुलानं
बापाची चप्पल घालावी तसा.

निघताना विचारलं, अजून गोठतं का तळं?
"नीट नाही," म्हणाला,
आणि बिल्ला न मागताच
माझा कोट काढून दिला.