पंचावन्न अंशांवर

पिवळ्या कॅनमधल्या तपकिरी पाण्याला
आंबत ठेवलेल्या कणकेचा वास.
नेझिर उस्ता म्हणतो, नाक काय लावतेस, बिनेवश,
बुरशीचा घाम आहे तो.

चोर्लूच्या या धुलाईघरात
तीन आणि चार नंबरचे ड्रम माझ्या ताब्यात.
एका वेळी दीडशे जीन्स,
कोऱ्या, करकरीत, कुणीच न बसलेल्या.
पाणी पंचावन्न अंशांवर, जरासं आंबट,
वरून चार मापं एन्झाइम.
मग पाऊण तास
न दिसणारे दात कापूस कुरतडत राहतात
शिवणीच्या कडेनं, खिशाच्या तोंडाशी, मांडीवर.
न जगलेली दहा वर्षं कापडाच्या अंगावर चढतात.
गिऱ्हाईक त्या वर्षांचेच पैसे मोजतं.

दात म्हणते मी. प्रयोगशाळेतल्या तुलायबाई हसतात.
म्हणतात, सेल्युलोज म्हणजे साखरच,
एकीचा हात दुसरीनं घट्ट धरलेला.
बुरशी फक्त हात सोडवते.
मूळची ती कुठल्या समुद्रातल्या बेटांवरची.
युद्धात तिथं सैन्याचे तंबू कुजले,
पट्टे कमरेवरून गळून पडले.
शत्रू यायच्या आधीच कुणीतरी मुकाट्यानं
छावणी खाऊन टाकली.

मिर्झाच्या वेळी हे आमच्याकडे नव्हतं.
म्हणजे होतं,
पण वाळू स्वस्त होती.

सोळाव्या वर्षी इस्तंबूलला गेला तो.
तळघर, खिडक्यांना ठोकलेलं प्लास्टिक,
शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून.
हातात नळी, नळीत हवा, हवेत वाळू,
तोंडाला एक फडकं.
गुडघ्यावर मार, मांडीवर मार,
निळं पांढरं होईपर्यंत मार.
दिवसाला तीनशे गुडघे.
स्वतःचे धरले तर तीनशे दोन.

घरी आला तेव्हा आमच्या सहा पायऱ्या चढताना
दोनदा बसायचा.
फोटो उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं, खाणीत होतास?
मिर्झा म्हणाला, नाही, फॅशनमध्ये.

या नवरोझला गावी गेले.
कार्लीओवाच्या वर, उतारावर बर्फ अजून तसाच.
आईनं पेटी उघडली.
छप्पर गळतं, पेटीत ओल गेलेली.
त्याच्या पँटवर हिरवट ठिपके, दोन्ही गुडघ्यांवर.
बोट लावलं तर कापड पिठासारखं सुटून आलं
नेमकं तिथंच, जिथं तो
दुसऱ्यांच्या पँटवर नळी धरायचा.

आई म्हणाली, तुझ्या कारखान्यात ने.
तुला थांबवता येतं ना हे?
येतं, म्हटलं. ऐंशी अंश, दहा मिनिटं,
मग एन्झाइम आपला आकारच विसरतं.
आई बराच वेळ ते ठिपके बघत राहिली.
म्हणाली, आणि खोकत नाही ते, इतकं खाऊन?
नाही, म्हटलं. त्याला छातीच नाही.
मग तिनं घडी घातली, पेटी लावली
आणि चहा ठेवला.

मिर्झा चहा प्यायचा साखरेचा खडा दातांत धरून,
एका खड्यावर तीन पेले.
शेवटी घोट ओढायला श्वास पुरेना,
खडा ओठांत तसाच राहायचा, चौकोनी, कोरडा.

सोमवारी तीन नंबरचं पाणी सोडलं.
निळं निळं गटाराकडे निघालं.
तुलायबाईंना विचारलं, यात आता साखर असेल?
म्हणाल्या, असते थोडी.
चव कळणार नाही इतकी.

चार नंबर फिरतच होता.
उस्ता ओरडला, बिनेवश, सत्तेचाळीस झाली!
मी वाफेचा नळ सोडला.