चौथ्या मजल्यावरचा घेवडा

सातला बैठक, माझ्याकडे, लिफ्टविषयी.
हे मला आठवलं सहा पस्तीसला,
औषधांच्या दुकानातून घरी येऊन
एक बूट काढून झाल्यावर.

ब्राइलात मार्च म्हणजे डॅन्यूबवरून येणारा ओला वारा
आणि ईस्टरआधीचा लांबलचक उपास:
अंडं नाही, लोणी नाही, चीजचं नावसुद्धा काढायचं नाही.
फडताळात दोन डबे पांढऱ्या घेवड्याचे,
एक कांदा बाळमुठीएवढा, एक बऱ्यापैकी मोठा,
लसणाचा अर्धा गड्डा.
एवढ्यावर सहा माणसं, आणि तीही भांडायला येणारी.

डबे उघडले. पाणी गाळलं, फेकलं नाही,
कपात काढून ठेवलं.
साय सगळी त्या पाण्यात असते,
हे डब्यावर कुणी छापत नाही.

आमच्याकडे याला म्हणतात फासोले बतुता,
मार खाल्लेला घेवडा.
मार म्हणजे कसा, तर दयामाया न दाखवता.
मिठाबरोबर लसूण ठेचला, दाणे कोमट केले,
मिक्सर लावला आणि वरून सूर्यफुलाच्या तेलाची धार,
दोऱ्याएवढी.
घड्याळ डोक्यावर बसलेलं असलं तरी दोऱ्याएवढीच.
मधूनच कपातलं पाणी, घोट घोट.
पिवळट लगदा आधी खरबरीत, मग गुळगुळीत,
मग एकाएकी इतका पांढरा
की मीच दचकले.
चमचा उभा केला. राहिला.
मग हळूच, झोप आल्यासारखा, कलला.

लोणी नाही हो त्यात. शपथ.

कांद्याला मात्र घाई शिकवता येत नाही.
बेल वाजली तेव्हा तो कडांनी नुकता तांबूस.
टोमॅटोचा घट्ट रस चमचाभर,
आणि गोड लाल मिरचीची पूड, आच बंद करून,
नाहीतर ती जळते आणि रात्रभर सूड उगवते.

आली सगळी. सावेता हिशेबाची वही घेऊन,
कोस्तिन, आणि त्याच्या मागून त्याचा खोकला,
दुदाऊ बहिणी गाजर-फ्लॉवरच्या लोणच्याची बरणी सांभाळत.
सर्वांत शेवटी, कठड्याला धरत धरत,
तळमजल्यावरचे पारास्कीव.
"मी लिफ्टने कधी जात नाही. मी का द्यायचे?"
हे त्यांनी दारातच सांगितलं, तीन श्वासांत.

मग आवाज चढले. दोरखंड, मोटर, मागच्या वर्षीचा ठेकेदार,
कुणी कुणाच्या काकूला काय म्हटलं होतं ते.
मी मध्ये वाडगा ठेवला,
वर तो लाल कांदा, बाजूला जाडजूड पाव.
काही बोलले नाही.
पहिला तुकडा धाकट्या दुदाऊने बुडवला.
त्यानंतर बराच वेळ
फक्त पावाच्या कडांचा कुरकुर आवाज.

"डब्यातला आहे," पारास्कीव म्हणाले.
"डब्यातला," मी म्हटलं. लपवणार काय?
"मारिओआरा रात्री भिजत घालायची.
तमालपत्र टाकायची. पहाटे मला उठवायची, ढवळायला."
एवढंच. मग त्यांनी पावाने वाडग्याचा तळ
असा पुसला की नक्षी दिसू लागली,
आणि वाडगा कोटात घालून उठले.
"धुऊन देतो."
कागदावर सही न करताच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं.
पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली.
तिसऱ्यावर इतकी थांबली
की मी गॅस बारीक करून दाराशी आले.

वाडगा स्वच्छ. आत कोरडा घेवडा, दोन मुठी,
त्यावर एक तमालपत्र, इतकं जुनं
की त्याला वासही उरला नव्हता.
"रात्री भिजवा," ते म्हणाले,
आणि पाणी न घेताच उतरू लागले.

लिफ्टचे पैसे त्यांनी अजून दिलेले नाहीत.
घेवडा मी भिजवलाय. पान नवं घातलं;
मग राहवेना, त्यांचंही घातलं.