अंजनाची दोन पानं

देवपूरच्या टाकीमागची बाग.
मार्चात घाणेरी उपटली,
कोपरापर्यंत ओरखडे,
आणि तो वास, हात धुतले तरी
भाकरीला लागणारा.

रुमालसिंग म्हणाला, नुसती छाटू नका,
छाटली की माजते.
मुळाच्या मानेत कुदळ घाला,
उलटी टाका उन्हात.
तो अक्राणीचा, महापालिकेत रोजंदारीवर.

मोकळ्या जागी त्यानं हिवर लावला, धावडा,
सालईची एक फांदी,
बाकी सगळं अंजनाचं बी.

दिवाळीला गाजरगवत कमरेएवढं.
अंजनाला दोन पानं.
पुढच्या दिवाळीला, मोजली मी, पाच.
साहेब येऊन गेले: खर्च दिसत नाही कुठे,
गुलमोहर लावा.

बुलबुलही येईनात.
घाणेरीच्या काळ्या फळांवर होते ते,
हे आधी कुणी बोललं नव्हतं.
वत्सलाबाईची नात विचारते,
त्या गुलाबी-पिवळ्या फुलं कथा ग्यात?
मी खुरपं पुसत राहतो.

काल गाईनं एक रोप तुडवलं.
रुमालसिंगनं ते खणलं, सावकाश,
आधी बोटभर, मग वीतभर,
मग खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालून
पालथा पडून राहिला.

टोक लागत नाही, म्हणाला.