अधिक-उणे

उद्यमनगरात, आमच्या शेडमागं,
बिडाचा चुरा टाकतो तिथं
वीतभर रोप आलेलं.
परवा तिथं काँक्रीट पडणार
आणि लाइट गेलेली, म्हणून वाकून बघितलं.
एरवी कुठला बघतोय.

मगदूम म्हणाला, लिंबू हाय, काटा बघ की.
काटा होता. पानाच्या बगलेत, सरळ, ताठ.
पण लिंबाला एका देठावर एकच पान,
हिथं सात.
रशीद अत्तार म्हणाला, मग बेल.
बेलाला तीन. तेवढं मलाही कळतं,
सोमवारी बायको निवडत बसते.

मी व्हर्नियर आणला.
हसले दोघं. हसू देत.
तीस वर्षं हाताला येईल ते मोजत आलोय.
पानातलं एक पान: लांबी अकरा, रुंदी सहा,
टोकाला बारीक खाच.
समोरासमोर तीन जोड्या, शेंड्याला एक सुटं.
आणि मधल्या शिरेला दोन्ही अंगांनी
हिरवी किनार, अर्धा मिलिमीटर जेमतेम,
जशी कास्टिंगच्या जोडावर फिन उरते,
घासून काढायची राहिलेली.
उन्हाकडं धरलं तर पानभर ठिपके.
भोकं नव्हेत. तेल.

तेल म्हणजे वास असणार.
चुरगळून नाकाशी नेलं.
काही नाही.
रेझिनच्या धुरानं माझं नाक कधी नेलं
तारीख सांगता येणार नाही.
आधी उदबत्ती गेली, मग भाकरी,
मग एकदा घरात गॅस चालू राहिलेला
आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलेलो.

चहाचा पोरगा आला, विघ्नेश, सांगरूळचा.
हुंग रे, म्हटलं.
त्यानं किटली खाली ठेवली,
माझी बोटं हुंगली डोळे मिटून,
परीक्षेला बसल्यासारखा.
'हॉटेलात बिल आणून देत्यात न्हवं काका,
त्या बशीतला वास हाय.'

बडीशेप!
मग शिवरात्र आठवली.
ह्याच कट्ट्यावर दौलतमामा, भट्टीवरचा,
कवठ हातोडीनं फोडायचा,
गूळ कालवून सगळ्यांना बोट बोट चाटवायचा
आणि कवट्या मागं भिरकावायचा.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
बी इतकं थांबत न्हाई, मगदूम म्हणाला,
दुसऱ्या कुणी तरी टाकलं असंल.
असंल.

कटिंग ऑइलचा डबा सोड्यानं घासला दोनदा,
तळाला पाच भोकं पाडली, सहाच्या ड्रिलनं, हातानं फिरवून.
मुळांना बिडाचा चुरा चिकटलेला, गंजून लाल,
तो तसाच राहू दिला.
डब्यावर मार्किंगच्या खडूनं लिहिलं: कवठ.
आणि हाताच्या सवयीनं पुढं अधिक-उणेची खूण.
तिच्यापुढं आकडा कुठला घालावा
म्हणून थांबलो,
तेवढ्यात लाइट आली.